हिमनदीच्या जागी आलेली खाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, "तू अलास्काला जाऊन आलीस, त्यावर वीस मिनिटं बोल. फोटो मात्र दाखवता येणार नाहीत, प्रोजेक्टर बंद आहे." मी तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि त्या तीस वर्षांत आमच्या शाळेचा प्रोजेक्टर बहुतेक वेळा बंदच होता. त्यामुळे मला काहीच अडचण नाही.

मी १९७७ च्या दहावीची. हिमनदीचा धडा मी याच शाळेत शिकले. 'हिमनदीचे कार्य', पाच गुणांचा हमखास प्रश्न. हिमगव्हर, 'यू' आकाराची दरी, लोंबती दरी, मेषशिला, हिमोढ. माझ्या वयाच्या लोकांना ही यादी पाढ्यांसारखी पाठ असेल. सर रंगीत खडूंनी फळाभर आकृती काढायचे आणि पुढच्या तासाच्या बाई ती पुसू द्यायच्या नाहीत, इतकी ती सुंदर असायची. पुढे मी शिक्षिका झाले आणि तोच धडा दर वर्षी शिकवला. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर दव गोठलं की आपल्याकडे पेपरात फोटो येतो. अशा मुलखात बसून दोन-दोन हजार फूट जाडीच्या बर्फाविषयी बोलायचं म्हणजे मुलांना ते पुराणातल्या गोष्टीसारखंच वाटायचं.

मुलगी सिॲटलला असते. गेल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आई, एवढी वर्षं शिकवलंस, आता चल, दाखवते." त्या एका दिवसाबद्दल मी आज बोलणार आहे. दिवस एकच, सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन, आठ तासांचा बोटीचा प्रवास.

जागा आधी नीट सांगते. अलास्काचा दक्षिणेकडचा जो चिंचोळा पट्टा कॅनडाच्या कडेने खाली उतरतो, तिथे जुनो ही अलास्काची राजधानी आहे. तिच्या पश्चिमेला 'ग्लेशियर बे' नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे बाहेरून रस्ता जात नाही. जुनोहून छोट्या विमानाने किंवा फेरीबोटीने गस्टेव्हस नावाच्या खेड्यात उतरायचं, तिथून पंधरा-सोळा किलोमीटरवर बार्टलेट कोव्ह हा धक्का. उन्हाळ्यात रोज सकाळी तिथून एक बोट सुटते आणि खाडीच्या टोकापर्यंत जाऊन परत येते. जाऊन-येऊन सुमारे २१० किलोमीटर. बोट दोन सांगाड्यांची, वेगवान, आत काचेच्या खिडक्या आणि टेबलं, वर उघडा डेक. बोटीवर उद्यानाचा एक रेंजर असतो. तो दिवसभर माइकवरून सांगत राहतो आणि अधूनमधून टेबलाशी येऊन बसतो. आमच्याबरोबर तरुण मुलगी होती. तिचं सांगणं ऐकून मला वाटलं, ही आपल्याकडे शिक्षिका झाली असती तर मुलांनी तासाला दांडी मारली नसती.

तिने पहिल्याच पाच मिनिटांत एक वाक्य सांगितलं आणि पुढचा सगळा दिवस मी त्या वाक्याच्या हाताला धरून चालले. ती म्हणाली, "आत्ता आपण जिथे तरंगतोय, तिथे अडीचशे वर्षांपूर्वी बर्फ होता."

मित्रहो, ही अतिशयोक्ती नव्हती. साधारण १७५० च्या सुमारास ही सगळी खाडी, म्हणजे शंभर किलोमीटर लांबीचा मुलूख, एका हिमनदीखाली होता. काही ठिकाणी त्या बर्फाची जाडी चार हजार फुटांहून अधिक होती. १७९४ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथून गेली, तेव्हा त्यांना खाडी दिसलीच नाही. किनाऱ्यात जेमतेम आठ किलोमीटरची एक खाच होती आणि तिच्या तोंडाशी बर्फाची भिंत. पुढे १८७९ मध्ये जॉन मुइर हा निसर्गअभ्यासक इथल्या लोकांच्या होडीतून आला, तेव्हा ती भिंत चाळीस किलोमीटरहून अधिक मागे गेलेली होती. १९१६ पर्यंत बर्फ खाडीच्या तोंडापासून सुमारे शंभर किलोमीटर मागे हटला. इतक्या कमी काळात इतकी माघार घेतलेली आणि माणसांनी नोंदवून ठेवलेली दुसरी हिमनदी शोधणं कठीण.

आता याचा अर्थ लक्षात घ्या. बोट जसजशी आत जाते, तसतशी जमीन तरुण होत जाते. तोंडापाशी जी जमीन आहे तिच्यावरचा बर्फ जाऊन अडीचशे वर्षं झाली. टोकाशी जी आहे तिच्यावरचा बर्फ काल-परवा गेला. म्हणजे आठ तासांत आपण काळात मागे जातो आणि परत येतो.

धक्क्यापाशी घनदाट अरण्य होतं. स्प्रूस आणि हेमलॉकची उंच झाडं, बुंध्यांवर वीतभर शेवाळ, सगळीकडे ओल. कोकणातल्या देवराईत शिरल्यासारखं वाटत होतं, फक्त थंडी सोसत नव्हती. तासाभराने झाडं ठेंगणी झाली. अल्डर नावाचं झुडूप दिसायला लागलं. आपल्या तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात ना, तशा गाठी या अल्डरच्याही मुळांवर असतात. ते हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं. उघड्या खडीची माती होते, आणि मग त्या मातीत स्प्रूस रुजतो आणि मोठा होऊन अल्डरलाच सावलीत मारतो. आणखी पुढे गेलो तर अल्डरही नाही. ड्रायस नावाचं जमिनीला चिकटून पसरणारं झुडूप, शेवाळ, आणि शेवटी नुसता खडक.

हा क्रम पुस्तकातून कोणी लिहिलेला नाही. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे जमिनीचे छोटे छोटे चौकोन आखले आणि त्यांत काय उगवतं ते नोंदवायला सुरुवात केली. तो गेला, पण ते चौकोन अजून मोजले जातात. शंभर वर्षांहून जास्त काळ एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती ती वही दिली. १९२५ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली गेली, त्यात त्याचा पुढाकार होता. १९८० मध्ये तिचं राष्ट्रीय उद्यान झालं.

वाटेत प्राण्यांची गर्दी होती, ते सांगितलं नाही तर समोर बसलेली बालमंडळी रागावतील. समुद्री पाणमांजरं पाठीवर झोपून, पोटावर शिंपला ठेवून, दगडाने फोडून खात होती. साउथ मार्बल नावाच्या बेटावर सी लायनचा मेळावा भरला होता. आवाज आणि वास दोन्ही बोटीपर्यंत येत होते. आमचे हे म्हणाले, "एस.टी. स्टँड!" त्याच बेटाच्या कड्यांवर केशरी चोचीचे पफिन पक्षी. मग एक हंपबॅक देवमासा दिसला. कप्तानाने बोट हळू केली. माशाने पाठ वर काढली, श्वासाचा फवारा उडाला, शेपटी हवेत उभी राहिली आणि पाणी मिटलं. हे मासे हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात असतात आणि उन्हाळ्यात खायला इथे येतात.

जेवण बोटीवर मिळतं. पण माझ्या पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी होती. डबा उघडल्यावर शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी विचारलं, म्हणून त्यांनाही दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीने, देखावा पाहून नव्हे.

दुपारच्या सुमारास आम्ही टोकाला पोचलो. समोर मार्जरी हिमनदी.

लांबी सुमारे चौतीस किलोमीटर, तोंडाशी दीड किलोमीटरहून जास्त रुंद, आणि पाण्यावर साधारण अडीचशे फूट उंच. म्हणजे वीस-पंचवीस मजली इमारतींची एक सलग रांग, तीही मोडकी, भेगाळलेली, आणि निळी. निळी का, हे मी मुलांना कायम सांगत आले: वजनाखाली दबून हवेचे बुडबुडे निघून गेलेला दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा परत पाठवतो. वाक्य बरोबर आहे. पण तो निळा रंग बर्फाच्या आतून येतो, समईच्या ज्योतीच्या बुडाशी असतो तसा, हे फळ्यावर मला कधीच काढता आलं नसतं.

ती फेअरवेदर पर्वतरांगेतून खाली येते. तिथलं सर्वांत उंच शिखर ४,६७१ मीटर, आणि पायथा थेट समुद्रात. तोंडाजवळ ही हिमनदी दिवसाला पावणेदोन-दोन मीटर सरकते. वर पडलेला हिम खाली समुद्रापर्यंत यायला काही पिढ्या जातात. आमच्यासमोर जे तुकडे पडत होते, तो हिम माझी आजी परकर नेसत होती त्या काळातला असावा.

तिच्या शेजारी ग्रँड पॅसिफिक हिमनदी आहे. ही ती मूळची, जिने एकेकाळी सगळी खाडी व्यापली होती. आज ती दगडमातीने इतकी झाकलेली आहे की बर्फ आहे हे सांगावं लागतं. बरीच माणसं तिच्याकडे पाठ करून मार्जरीचे फोटो काढत होती. मला मात्र दोन्हीकडे पाहायचं होतं. मध्य हिमोढ, पार्श्व हिमोढ, वरच्या बाजूला लोंबती दरी आणि तिच्यातून पडणारा धबधबा, पाण्याच्या कडेला घासून गुळगुळीत झालेली मेषशिला. पाच गुणांचं अख्खं उत्तर समोर उभं होतं. मी एकेक नाव मोठ्याने म्हणाले. मुलगी हसली, आणि मग माझ्याबरोबर म्हणायला लागली. माझ्याच वर्गात शिकली आहे ती!

कप्तानाने इंजिन अगदी मंद केलं. शंभराहून अधिक माणसं, पण कोणी बोलत नव्हतं. पाण्यावरचे बर्फाचे तुकडे वितळताना तडतडतात, पोहे भाजताना होतो तसा आवाज, तो ऐकू येत होता. काही तुकड्यांवर सील पहुडले होते. मग भिंतीतून एक प्रचंड कपार निसटली. आधी दिसली, आवाज नंतर आला. वीज आधी आणि गडगडाट मागून, तसं. बोट लांब असते ना. इथल्या मूळ लोकांनी त्या आवाजाला 'पांढरा गडगडाट' असं नाव दिलेलं आहे. मग लाट आली आणि बोट पाळण्यासारखी हलली.

या मूळ लोकांविषयी मला आज जास्त सांगायचं आहे, कारण पाच गुणांच्या उत्तरात ते कुठेच नव्हते.

त्यांना हूना ट्लिंगिट म्हणतात. बर्फ खाली येण्याच्या आधी या खाडीच्या जागी हिरवं खोरं होतं आणि त्यात त्यांची गावं होती. माशांची नदी होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हिमनदी पुढे सरकू लागली. त्यांच्या परंपरेत सांगतात की ती पळत्या कुत्र्याच्या वेगाने आली. सगळं सोडून त्यांना निघावं लागलं. त्यांनी समोरच्या सामुद्रधुनीपलीकडे नवं गाव वसवलं, त्याचं नाव हूना. त्या निघण्याची एक कथा आहे, तिच्यात मागे राहिलेली एक बाई आहे. ती कथा मी तुम्हाला पूर्ण सांगणार नाही, कारण त्यांच्यात अशी कथा ही त्या कुळाची मालमत्ता असते, दागिन्यासारखी. तिथे गेलात तर त्यांच्याच तोंडून ऐका.

बर्फ मागे हटला तशी ही माणसं परत यायला लागली. मासे, सील, बोरं, पक्ष्यांची अंडी यांसाठी. आणि त्यांनी खाडीला नाव दिलं, सिट ईटी घीयी. अर्थ: हिमनदीच्या जागी आलेली खाडी. मग १९२५ नंतर तिथे संरक्षित क्षेत्राचे नियम आले आणि हळूहळू शिकारीला, अंडी गोळा करायला बंदी झाली. बर्फाने एकदा घर घेतलं, कायद्याने दुसऱ्यांदा. हे दुखणं पुष्कळ वर्षं चाललं. समुद्रपक्ष्यांची अंडी पूर्वीच्या रीतीने वेचण्याची परवानगी देणारा कायदा अमेरिकेच्या संसदेने २०१४ मध्ये केला. ऑगस्ट २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं लाकडी कुलघर उभं राहिलं. त्या दिवशी हूनाची माणसं कोरीव होड्या वल्हवत आपल्या जुन्या भूमीवर आली. बोटीवरून परतल्यावर संध्याकाळी आम्ही ते घर पाहिलं. आत चार कुळांचे कोरलेले खांब आहेत. मी चप्पल बाहेर काढली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्या वसतिगृहात धरणाखाली गेलेल्या गावांतून आलेली मुलं होती, आठवतं? मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो म्हणून ती रजा मागून बघायला जायची. त्यातले दोघे-तिघे आज इथे बसले आहेत. ते खांब पाहताना मला त्यांची आठवण झाली.

आता एक प्रश्न, जो चहाच्या वेळी कोणीतरी विचारणारच. इथला बर्फ १७५० पासून वितळतोय, तेव्हा कुठे मोटारी आणि कारखाने होते? मग तापमानवाढीचा एवढा गाजावाजा कशाला? मीही तो रेंजरला विचारला. तिचं उत्तर सरळ होतं. ग्लेशियर बेची ती मोठी माघार मुख्यतः निसर्गाची होती. त्याआधीची काही शतकं थंडीची होती, ती सरली. शिवाय ज्या हिमनदीचे पाय खोल समुद्रात असतात, ती एकदा हटू लागली की भराभर हटते. आज जे चाललं आहे ते वेगळं आहे. आज अलास्कातल्या बहुतेक सगळ्या हिमनद्या, डोंगरावर उंच असलेल्या, समुद्राला न शिवणाऱ्यासुद्धा, एकाच वेळी पातळ होत आहेत. मार्जरी कित्येक दशकं जागच्या जागी होती, तीही अलीकडे मागे सरू लागली आहे. जॉन मुइरच्या नावाची हिमनदी पाहायला १८९० च्या आसपास आगबोटी भरून प्रवासी येत. तिचे १९४१ चे आणि २००४ चे, एकाच जागेवरून काढलेले फोटो आहेत. पहिल्यात बर्फ, दुसऱ्यात पाणी आणि हिरवे डोंगर. हिमनदी चित्रातून निघूनच गेली आहे. आपली कृष्णा-गोदावरी पावसावर वाहते, पण गंगेचं गोमुखही मागे सरकतं आहे, हे आपल्याला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मी तिथे शिकले. एवढं ओझं उतरल्यामुळे तिथली जमीन वर येते आहे, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर. कापसाच्या गादीवरून माणूस उठला की ती सावकाश फुगते, तशी. बर्फ जाऊन दोन-अडीच शतकं झाली तरी जमिनीला अजून ते ओझं आठवतं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बोट मेअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच असते. कपडे थरांचे घाला, वरचा पावसाचा कोट हवाच. उन्हाळ्यातही हिमनदीसमोर दात वाजतात. खाडी एरवी शांत असते, तरी बोट लागत असेल तर गोळी आधी घ्या. दुर्बीण न्या. मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नवरा-बायको एकमेकांशी बोलतात.

शेवटी समितीला एक विनंती. हूनाच्या लोकांनी आपल्या खाडीच्या नावात गेलेली हिमनदी जपून ठेवली. आपल्या गावातही अशी नावं आहेत. 'आमराई' नावाच्या थांब्यावर आज एक आंबा नाही. तळ्याच्या आळीत तळं नाही, तिथे मंगल कार्यालय आहे. चिंचेच्या पाराला पार आहे, चिंच नाही. नवीन मुलांना ही नुसती पत्त्यातली नावं वाटतात. आपल्यातल्या साठी-सत्तरीच्या माणसांनी ते तळं पाहिलं आहे, त्यात पोहून मार खाल्ला आहे. पुढच्या स्मरणिकेत दोन पानं ठेवा: नाव, तिथे काय होतं, कधीपर्यंत होतं, कोणी पाहिलं. शाळेच्या भूगोल मंडळातल्या मुलांनी आपल्या घरी यावं आणि लिहून घ्यावं. पहिली नोंद मी देते: तळं, पाणी बारमाही, १९७२ च्या दुष्काळातही आटलं नव्हतं, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं.

बाकीच्या नोंदी तुमच्याकडे आहेत. जेवणाआधी माझ्याकडे किंवा समितीकडे लिहून द्या.